घराचं मॉडेल झालं, आता त्यात आपल्याकडचं ऊन कसं आणायचं

माझं सुरुवातीचं काम होतं, जळगावातलं, ३० बाय ४० चा प्लॉट, रस्ता पश्चिमेला, खाली एक आणि वर एक मजला. रेंडर (मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेलं खऱ्यासारखं चित्र) घेऊन पार्टीच्या घरी गेलो, सगळ्यांना आवडलं, आणि मग मालकांच्या आईंनी लॅपटॉप जवळ ओढून अहिराणीत विचारलं की उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालायला गच्चीवर ऊन कुठं येईल. मी गच्चीचा व्ह्यू उघडला, त्यात जिन्याच्या खोलीची चांगली पंधरा फुटी सावली पडलेली, आणि मी त्यांना सांगत होतो की ही दुपार आहे. आजी म्हणाल्या, वैशाखात दुपारी आमच्या गच्चीवर पाय ठेवायला सावली नसते, ही एवढी सावली आणली कुठून?

घरी येऊन बघितलं तर स्केचअपच्या (ज्यात थ्रीडी मॉडेल केलं त्या सॉफ्टवेअरच्या) फाईलमध्ये मी लोकेशन टाकलेलंच नव्हतं. लोकेशन न टाकलेली फाईल अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावाचं ऊन धरते, आणि तारीख पण आपोआप आलेली नोव्हेंबरची होती. बोल्डर ४० अक्षांशावर आहे, आपण २१ वर. म्हणजे मी जळगावच्या आजींना परक्या गावाचं हिवाळ्यातलं ऊन दाखवून आलो होतो.

हा लेख त्या आजींमुळे. ज्यांनी नुकतंच स्केचअप किंवा ब्लेंडर शिकायला घेतलंय, डिप्लोमा किंवा बीआर्कच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत, किंवा इंजिनिअरकडे ड्राफ्टिंग करता करता थ्रीडी शिकताय, त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय. बटणं कुठं असतात ते व्हिडिओत पण सापडतं, पण कुठलं ऊन घ्यायचं आणि का, हे कोणी नीट सांगत नाही, आणि खान्देशात घर म्हटलं की पहिला प्रश्न उन्हाचाच असतो.

आधी प्लॉटवर जा

कॉम्प्युटर उघडायच्या आधी साईटवर एक चक्कर. शक्य असेल तर दोनदा, सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ५ ला. उत्तर दिशा फोनच्या कंपासने घ्या, पण गाडीजवळ, लोखंडी गेटजवळ किंवा सळयांच्या ढिगाजवळ उभं राहून घेऊ नका, सुई भरकटते. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात आपल्या भागात एक अंशापेक्षा कमी फरक आहे, त्यामुळे त्याची काळजी करू नका, आपल्या कामाला कंपास पुरतो. रस्त्याची कड उत्तरेपासून किती अंशावर आहे ते वहीत लिहा. "ईस्ट फेसिंग" म्हणून विकलेले बरेच प्लॉट प्रत्यक्षात पंधरा-वीस अंश तिरके असतात आणि तेवढ्याने संध्याकाळचं ऊन कुठल्या खिडकीत घुसतं ते बदलतं.

शेजारची घरं किती मजली आहेत ते पण लिहा. निंबाचं किंवा आंब्याचं झाड असेल तर त्याची उंची अंदाजाने. आणि तिथे राहणाऱ्या माणसांना विचारा, इथं दुपारी कुठं बसता, गुरं कुठं बांधता, खाट कुठं टाकता. ज्या जागेवर पिढ्यानपिढ्या खाट पडते ती सावलीची जागा कुठल्याही सॉफ्टवेअरइतकीच खरी असते.

मॉडेल सावलीसाठी तयार करणे

सावली पडायला जाडी लागते. नवीन मुलं भिंत म्हणून एक पातळ फेस (जाडी नसलेला सपाट पृष्ठभाग) उभा करतात, खिडकी म्हणून त्यावर निळा रंग लावतात, आणि मग विचारतात की माझं रेंडर पुठ्ठ्यासारखं का दिसतं. ९ इंची भिंत ९ इंचाची काढा. खिडकीची फ्रेम भिंतीच्या आत ढकला, मग बाहेरून चारेक इंचाचा खाचा मिळतो आणि त्या खाच्यात जी बारीक सावली पडते ना, तिच्यामुळेच भिंत भिंतीसारखी वाटते. छज्जा, कठडा, जिन्याची खोली, पाण्याची टाकी, गॅलरीचं रेलिंग हे सगळं खऱ्या मापात. पत्र्याचं शेड असेल तर पत्र्याच्या नाळ्या एकदा तरी खऱ्या काढून बघा, तिरप्या उन्हात त्यांच्या पट्ट्या दिसल्या की पत्रा लगेच ओळखू येतो.

शेजारची घरं नुसत्या ठोकळ्यांसारखी उभी करा, खिडक्या दारं काही नको, पण उंची बरोबर पाहिजे. याचा कंटाळा करू नका, कारण डिसेंबरात सकाळी ९ ला आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंशावर असतो आणि शेजारच्या २० फुटी घराची सावली ४७ फूट लांब जाते, म्हणजे तुमच्या ३० फुटी प्लॉटच्या पलीकडे. तुमचं सुंदर पूर्वेचं अंगण हिवाळ्यात सकाळभर त्या सावलीत असेल आणि तुम्ही त्यात कोवळं ऊन दाखवलेलं असेल तर ते खोटं आहे.

अजून दोन बारीक गोष्टी. स्केचअपमध्ये काच किंवा पारदर्शक मटेरियलची अपारदर्शकता ७० टक्क्यांच्या खाली गेली की तो फेस सावलीच पाडत नाही, तेव्हा पॉलिकार्बोनेटचं छत केलं आणि सावली गायब झाली तर घाबरू नका, तिथेच बघा. दुसरं, भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात फट राहिली की रेंडरमध्ये खोलीच्या कोपऱ्यात उन्हाची रेघ येते, ती लाईट लावून झाकायची नसते, मॉडेल दुरुस्त करायचं असतं.

लोकेशन, घड्याळ आणि उत्तर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि पाच मिनिटांची आहे.

जळगाव साधारण २१.०० उत्तर, ७५.५६ पूर्व. धुळे २०.९० आणि ७४.७७. नंदुरबार २१.३७ आणि ७४.२४. भुसावळ २१.०५ आणि ७५.७९. स्केचअपमध्ये मॉडेल इन्फोत जिओलोकेशन असतं, तिथे हाताने अक्षांश रेखांश टाकता येतात. मग शॅडोज पॅनेलमध्ये टाइम झोन यूटीसी अधिक ५:३० निवडा. हिरवा अक्ष म्हणजे उत्तर, लाल म्हणजे पूर्व, त्यानुसार प्लॉट फिरवून ठेवा, साईटवर लिहून आणलेला कोन इथं कामी येतो. ब्लेंडरमध्ये सन पोझिशन नावाचं ॲडऑन आहे, आधी ते सोबतच यायचं, नव्या व्हर्जनमध्ये एक्स्टेन्शनमधून घ्यावं लागतं, तिथे पण अक्षांश रेखांश टाकायचे, झोन ५.५ टाकायचा, आणि वाय अक्ष उत्तर धरायचा.

आता घड्याळाची गंमत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. एका रेखांशाला ४ मिनिटं, म्हणून जळगावात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२:२८ ला, धुळ्यात १२:३१ ला, नंदुरबारला १२:३३ ला. वर्षभरात हे पुढेमागे होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जळगावात १२:११ च्या सुमाराला आणि फेब्रुवारीच्या मध्यात १२:४२ ला. म्हणून "दुपारी १२ ची सावली" काढली आणि ती थोडी पश्चिमेला कललेली दिसली तर सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. मी तर दुपारचा सीन नेहमी १२:३० चाच ठेवतो.

एक तपासणी करून बघा, मला अजून दर वेळी बरं वाटतं ती करून. १० फुटांचा एक खांब उभा करा आणि दुपारची सावली मोजा. २१ डिसेंबरला सूर्य ४५ अंशाला जरा वर असतो, म्हणजे सावली जवळजवळ १० फूट, जेवढा खांब तेवढी सावली. २१ मार्चला सूर्य ६९ अंशावर, सावली पावणेचार फुटाच्या आसपास. आणि २५ मेच्या सुमाराला सावली शून्य, खांबाच्या पायातच, पुन्हा तसंच १८ जुलैच्या आसपास. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेला असतो, २१ जूनला दुपारी १० फुटी खांबाची जेमतेम पाच इंच सावली पडते आणि ती दक्षिणेकडे पडते. हे आकडे जुळले की तुमच्या फाईलमध्ये आपलं ऊन आलं. नाही जुळले, डिसेंबरात २० फूट सावली आली, तर तुम्ही अजून बोल्डरमध्ये आहात.

कुठल्या तारखा, कुठल्या वेळा

सगळ्या वर्षाचं ऊन दाखवायची गरज नसते. तीन तारखा ठेवा, २१ डिसेंबर, २१ मार्च आणि २५ मे, आणि प्रत्येकीच्या तीन वेळा, सकाळी ९, दुपारी १२:३०, संध्याकाळी ५. नऊ सीन (सेव्ह करून ठेवलेले व्ह्यू) झाले. स्केचअपमध्ये सीन सेव्ह करताना शॅडो सेटिंगवर टिक आहे ना बघा, नाहीतर नऊच्या नऊ सीनला एकच सावली लागते आणि मीटिंगमध्ये कळतं. सीनची नावं पण सरळ ठेवा, "मे ५ वाजता" असं, नुसतं सीन १ सीन २ ठेवलं की दोन महिन्यांनी तुम्हालाच समजत नाही.

या नऊ चित्रांमध्ये घराचा जो निकाल लागतो तो बघण्यासारखा असतो. छज्ज्याचंच घ्या. आपल्याकडे दोन फुटांचा छज्जा सगळ्या खिडक्यांवर सरसकट टाकतात, मिस्तरी पण विचारत नाही, इंजिनिअर पण नाही. दक्षिणेच्या खिडकीवर हा दोन फुटी छज्जा फार हुशार आहे, मार्चमध्ये दुपारी तो पाच फुटांपर्यंत सावली देतो म्हणजे चार फुटी खिडकी पूर्ण झाकली, आणि डिसेंबरात फक्त वरचे दोन फूट झाकतो, खालून ऊन आत येतं, जे तेव्हा हवंच असतं. एवढ्याशा स्लॅबच्या तुकड्याने उन्हाळा-हिवाळा वेगळा केला. पण तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर घ्या, २५ मे, संध्याकाळी ५. सूर्य साधारण २६ अंशावर, आणि पश्चिमेपासून तेरा-चौदा अंश उत्तरेकडे सरकलेला. दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर किती पडते? एक फूट. बाकी तीन फूट खिडकीतून ऊन थेट पलंगावर. बाहेर पारा चाळिशीच्या वर, कूलर लावून पण खोली का तापते ते या एका चित्रात दिसतं. मी हे चित्र दाखवून आतापर्यंत चार-पाच पार्ट्यांना पश्चिमेची मोठी खिडकी लहान करायला किंवा तिच्यापुढे उभी जाळी घ्यायला राजी केलंय. तोंडाने सांगितलं असतं तर "समोरच्याची पण मोठीच आहे" म्हणाले असते.

आणि हो, मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर पण तिरपं ऊन येतं, सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो म्हणून. उत्तरेला ऊन येतच नाही असं कोणी म्हणालं तर त्याला जूनचा सीन लावून दाखवा.

आता दिसायला चांगलं कसं करायचं

वरचं सगळं अभ्यासासाठी झालं. मुख्य व्ह्यूसाठी वेळ निवडायची ती वेगळ्या विचाराने, पण वेळ खरीच निवडायची, सूर्य हाताने ओढून कुठंही नेऊन ठेवायचा नाही. उत्तरेच्या दर्शनी भागावर दक्षिणेचं ऊन मारलेले रेंडर मी बघितलेत, घर बांधून झाल्यावर ते तसं कधीच दिसत नाही आणि पार्टीच्या मनात शंका राहते की काहीतरी वेगळं झालं.

सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असला की सगळं सपाट दिसतं, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोसारखं. बाजूने, भिंतीला घासत जाणारं ऊन घ्या. असं ऊन विटेचा प्रत्येक थर, दगडाची प्रत्येक पट्टी वर काढतं. धुळे जिल्ह्यात बलसाण्याची जुनी देवळं आहेत, कधी गेलात तर सकाळी ८ ला आणि मग ११ ला एकाच भिंतीकडे बघा. दगडाचे आडवे थर, त्यांच्या कडा, कोनाडे, सकाळच्या तिरप्या उन्हात सगळं मोजता येतं इतकं स्पष्ट. ज्यांनी ती देवळं घडवली त्यांनी प्रत्येक थराला सावलीसाठी खाच ठेवलेली आहे. आपण जो दर्शनी भागाला ग्रूव्ह देतो, पट्टी काढतो, ते त्याचंच साधं रूप.

ढोबळमानाने, दर्शनी भाग पूर्वेला असेल तर सकाळी साडेनऊ-दहा, म्हणजे ऊन समोरून न येता वरून-बाजूने येतं. पश्चिमेला असेल तर दुपारी तीन-साडेतीन. दक्षिणेला असेल तर डिसेंबर-जानेवारीतले सकाळचे १० किंवा दुपारचे ३, तेव्हाच्या सावल्या फार देखण्या असतात. उत्तरेचं घर अवघड. हिवाळ्यात त्या भिंतीवर थेट ऊन येणारच नाही, मग एकतर जूनची सकाळ घ्या, नाहीतर सूर्य मावळल्यानंतरची वेळ घ्या, आभाळ अजून निळं आणि घरातले दिवे लागलेले. उत्तरेच्या घराला मला हा दुसरा मार्गच जास्त आवडतो.

एक नियम मात्र पाळा, दर्शनी भागाच्या साधारण दोन तृतीयांशात ऊन आणि एक तृतीयांशात सावली असं काहीतरी पाहिजे. अर्धं-अर्धं झालं की डोळा कुठं थांबावं ते कळत नाही. हे माझं मत आहे, पण दहा रेंडर शेजारी ठेवून बघा.

क्ले रेंडर, म्हणजे रंगाशिवाय

मटेरियल लावायची घाई सगळ्यांना असते. माझं ऐका, आधी सगळं मॉडेल एकाच फिकट पांढऱ्या रंगात करा आणि फक्त ऊन-सावलीत रेंडर काढा. याला क्ले रेंडर म्हणतात. यात काही लपत नाही. घराचा आकार नुसत्या सावलीने उभा राहतो की नाही ते कळतं, आणि राहत नसेल तर लाकडी टेक्स्चर आणि महागड्या टाईल लावून पण राहणार नाही. जुन्या धाब्याच्या घरांचा फोटो कधी ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, मातीची सपाट गच्ची, जाड भिंत, एक लहान दार, आणि दारात काळीभोर सावली, एवढ्यावर अख्खं घर दिसतं.

पांढरा म्हणजे शंभर टक्के पांढरा घेऊ नका. ताजा चुना मारलेली भिंत पण सगळा प्रकाश परत फेकत नाही, ८० टक्क्यांच्या आसपास धरा. पूर्ण पांढरा घेतला की ऊन पडलेल्या भागातलं सगळं बारीक काम उडून जातं, आणि खोल्यांमध्ये प्रकाश उसळत राहतो तो पण खोटा. तसंच काळा पण पूर्ण काळा नको. आपली काळी माती सुद्धा रेंडरमध्ये गडद राखाडी-तपकिरीच घ्यायची.

एकच सूर्य

ब्लेंडरमध्ये सूर्य आणायचे दोन रस्ते. एक, सन लाईट. याची जागा कुठं ठेवली याने काही फरक पडत नाही, फक्त तो कुठल्या दिशेला वळवलाय ते महत्त्वाचं, हे कळायला मला बरेच दिवस लागले कारण मी तो उचलून उचलून लांब नेत होतो. याचा अँगल ०.५२६ अंश आपोआप असतो, तोच ठेवा, आकाशात सूर्याची थाळी तेवढीच दिसते. हा अँगल वाढवला की सावलीची कड मऊ होते, ढगाळ दिवसाला एखाद-दोन अंशापर्यंत चालतं, पण खान्देशातल्या मेच्या दुपारी सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असते, ती मऊ केली की ऊन पुण्या-नाशकाकडच्या पावसाळ्यातलं वाटायला लागतं.

दुसरा रस्ता, वर्ल्डमध्ये स्काय टेक्स्चर. ब्लेंडर २.९० पासून त्यात निशिता नावाचं आकाश आलं (नव्या व्हर्जनमध्ये हे नाव बदललंय), फार चांगलं आहे, सूर्य जसा खाली येतो तसा रंग आपोआप पिवळा-नारिंगी होतो. त्यात डस्टचा (नव्या व्हर्जनमध्ये एरोसोल्सचा) स्लायडर आहे, तो वाढवला की आकाश मळकट-पांढुरकं होतं, एप्रिल-मेमध्ये सातपुडा धुरकट दिसतो ना तसं. आपल्याकडच्या उन्हाळ्याचं रेंडर गडद निळ्या आकाशात दाखवू नका, तसं आकाश इथं पावसाळा सरल्यावर असतं.

या आकाशात सूर्य आधीच आहे. वरून तुम्ही सन लाईट पण ठेवला तर सूर्य दोन होतात आणि प्रत्येक खांबाला दोन सावल्या. नवीन मुलांच्या कामात ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं नक्की. एकतर आकाशाच्या सेटिंगमधल्या "सन डिस्क"ची टिक काढा, नाहीतर लाईट काढा. एचडीआरआय (चारी बाजूंच्या आभाळाचा फोटो) लावत असाल तरी तेच, त्या फोटोतला सूर्य कुठं आहे ते शोधा आणि तो फिरवून आपल्या सूर्याच्या दिशेला आणा, नाहीतर आभाळ सांगतं ऊन डावीकडून आणि सावली सांगते उजवीकडून.

आकाश लावल्यावर सगळं पांढरंफटक झालं तर सूर्य कमी करत बसू नका, एक्स्पोजर खाली घ्या. कॅमेऱ्यात आपण करतो तेच.

सावलीचा रंग

सावली काळी नसते. भर उन्हात पांढऱ्या भिंतीवरची सावली नीट बघा, ती निळसर राखाडी असते, कारण सूर्य अडला तरी आकाशाचा प्रकाश तिथं पोचतोच, आणि जमिनीवरून उसळलेला पण. खाली लाल फरशी असेल तर भिंतीच्या पायथ्याची सावली किंचित लाल, खाली काळी माती असेल तर जास्त गडद. ब्लेंडरमध्ये रेंडर काढायची दोन इंजिनं आहेत, सायकल्स आणि ईव्ही. सायकल्समध्ये हे आपोआप होतं, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. ईव्ही वेगवान आहे, पण त्यात हे उसळणं तपासून घ्यावं लागतं.

नुसत्या स्केचअपमध्ये काम करत असाल तर शॅडो पॅनेलमध्ये लाईट आणि डार्क असे दोन स्लायडर आहेत. डार्क थोडा वर घ्या म्हणजे सावलीतला भाग उघडतो. सावलीत असलेलं दार, नेमप्लेट, ओट्याची पायरी हे दिसलंच पाहिजे, नाहीतर पार्टी विचारते, इथं काय काढलंय? आणि "ऑन ग्राउंड" चालू असताना मॉडेलचा काही भाग शून्य पातळीच्या खाली असेल, तळघर किंवा खाली उतरता प्लॉट, तर सावली भलत्याच ठिकाणी पडते. तिथे जमिनीचा खरा फेस काढा आणि ते बंद करा.

आतल्या खोल्या

बाहेर भर दुपारी एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो आणि खोलीत शंभर ते पाचशे. शेकडो पटींचा फरक आहे हा. डोळा तो सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही, म्हणून आतलं रेंडर पहिल्यांदा काळंच येणार. लगेच छताला चार लाईट लटकवू नका. एक्स्पोजर वाढवा, खिडकीबाहेरचं आभाळ जळू द्या थोडं, खऱ्या फोटोत पण जळतंच. मग खिडकीत एरिया लाईट ठेवून त्यात पोर्टलवर टिक करा, तो स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरचा प्रकाश कुठून येतो ते सॉफ्टवेअरला सांगतो, आणि चित्रातले बारीक ठिपक्यांसारखे दाणे कमी होतात. राहिलेले दाणे डिनॉईजने जातात, पण डिनॉईजवर फार विसंबलात तर भिंतीचा पोत पुसला जातो.

दिव्यांचा रंग. पिवळसर दिवा २७०० ते ३००० केल्विन, आणि आपल्याकडे घरोघरी असतात त्या पांढऱ्या ट्यूब ६५०० च्या आसपास. रेंडरमध्ये सगळे पिवळे दिवे लावतात कारण छान दिसतं, आणि मग पार्टी दुकानातून पांढऱ्या ट्यूब आणते. आधी विचारून घ्या कुठले लावणार, तेच दाखवा, किंवा दोन्ही दाखवून त्यांना निवडू द्या.

सिमेंटच्या जाळीतून फरशीवर पडणारी नक्षी, हे आतल्या चित्राला एवढं जिवंत करतं की बाकी काही करायला लागत नाही. सकाळच्या उन्हात पूर्वेच्या जाळीची नक्षी जमिनीवर लांब जाते, आणि बघणारा नकळत म्हणतो, हे देवघर आहे का. तसंच केळीचं पान. रावेर-यावलकडच्या घराचं काम असेल तर कॅमेऱ्याच्या बाहेर, सूर्य आणि भिंतीच्या मध्ये दोन केळीची झाडं उभी करा, झाड चित्रात दिसायला पण नको, नुसती फाटक्या पानांची सावली भिंतीवर पडू द्या. पार्टी ते बघून हसते आणि म्हणते, "आते घर दिसी राहिनं, भो."

प्लॅन आणि इलेव्हेशनवरच्या सावल्या

कॉलेजात सायोग्राफी, म्हणजे ड्रॉइंगवर सावल्या काढायची पद्धत, शिकवतात, ऊन डाव्या खांद्यावरून, प्लॅनमध्ये ४५ अंश आणि इलेव्हेशनमध्ये (समोरून दिसणाऱ्या बाजूच्या ड्रॉइंगमध्ये) ४५ अंश. ही कागदावरची सोय आहे, खरा सूर्य नाही. प्लॅन आणि इलेव्हेशन दोन्हीत ४५ दिसतं तेव्हा त्या किरणाचा खरा उतार ३५ अंश १६ मिनिटं असतो. याचा फायदा असा की छज्जा दोन फूट पुढे असेल तर त्याची सावली बरोबर दोन फूट खाली पडते, म्हणजे सावली वाचून कुठला भाग किती पुढे आहे ते कळतं. इलेव्हेशनच्या ड्रॉइंगला ही पद्धत उत्तम.

पण साईट प्लॅनवर गोंधळ होतो. उत्तर वर आहे, बाण काढलाय, आणि घराची लांब सावली खाली उजवीकडे म्हणजे दक्षिणेकडे पडलीये. आपल्याकडे दुपारची सावली दक्षिणेला पडते ती फक्त मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत आणि ती पण काही इंचाची. साईट प्लॅनवर खरी सावली दाखवा, २१ डिसेंबर किंवा २१ मार्चची, आणि कोपऱ्यात तारीख वेळ लिहा.

पार्टीला दाखवताना

कॅमेरा एकच ठेवून वेळ बदललेली चित्रं शेजारी शेजारी लावा. वेगवेगळे कोन आणि वेगवेगळ्या वेळा एकत्र केल्या की कोणाला काही कळत नाही. स्केचअपचा वेळेचा स्लायडर सकाळ ते संध्याकाळ हळूहळू सरकवला तरी लोक तल्लीन होऊन बघतात, वेगळा व्हिडिओ करायची गरज नाही.

प्रिंट काढणार असाल तर आधी एक ए फोरवर ट्रायल काढा. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही, म्हणून सावल्या प्रिंटमध्ये हमखास गडद येतात. सावलीचा भाग स्क्रीनवर जरा जास्तच फिकट वाटेल इतका उघडून ठेवा, मग प्रिंट बरोबर येते. आणि साईटवर भर उन्हात फोनवर दाखवायची वेळ येते तेव्हा गडद संध्याकाळचं चित्र काही दिसत नाही, त्यासाठी दिवसाचं एक वेगळं ठेवा.

प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ आणि गाव लिहायचं. "२५ मे, संध्याकाळी ५, जळगाव." एवढी एक ओळ असली की चित्र तपासता येतं, कोणीही त्या दिवशी त्या वेळी प्लॉटवर उभं राहून बघू शकतं.

त्या आजींकडे मी पंधरा दिवसांनी परत गेलो होतो. या वेळी गच्चीचे तीन प्लॅन नेले, एप्रिलमधले, सकाळी ८, ११ आणि दुपारी ३ चे. जिन्याच्या खोलीची सावली सकाळी पश्चिमेच्या कोपऱ्यात, दुपारी पूर्वेला, आणि दक्षिणेच्या कठड्यालगतचा साधारण बारा बाय दहाचा तुकडा तिन्ही वेळा कोरडा, उन्हात. आजींनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की मग नळ इथं जवळ देता येईल का, पीठ हाटायला पाणी लागतं. नळ तिथे दिला.